सहावी कवडी

चतुराबाईला पटावर हरवणारं माणूस अजून जन्माला यायचंय, असं चतुराबाईच सांगायची. बाकीचे ऐकून घ्यायचे. ज्याला ऐकायचं नसेल त्यानं उस्मानपुऱ्यातल्या त्या घरात चहाला यायचं नाही, इतका साधा मामला होता.

पण आज मामला चहाचा नव्हता, नावाचा होता. घरात पणती आली होती. दिवाळीतली नव्हे, नातवाची लेक. नातू सुदर्शन, वाळूजच्या कंपनीत शिफ्ट करणारा. त्याची बायको मोनिका. आणि त्या दोघांची ही मुठीएवढी पोरगी. बारसं उद्यावर आलेलं. पाळणा सजवणारा माणूस सकाळपासून फोनवर फोन करत होता, "भाऊ, थर्माकोलवर नाव काय कापू? दुकान बंद व्हायच्या आत सांगा, नाहीतर नुसतं 'बाळ' कापून देतो." सुदर्शन दर वेळी "सांगतो, सांगतो" म्हणायचा आणि स्वयंपाकघरात जाऊन तहान नसताना पाणी प्यायचा. कारण बाहेरच्या खोलीत दोन म्हाताऱ्या बसल्या होत्या आणि दोघींच्या तोंडात दोन नावं होती.

एक घरची मालकीण, चतुराबाई. दुसरी सखूबाई, मोनिकाची आजी, सिल्लोडकडून बाळंतविडा आणि डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन आलेली.

"रत्नमाला ठेवा," सखूबाई म्हणाली. "माझ्या सासूचं नाव. देवमाणूस होती. तिच्यामागं ते नाव कुणालाच दिलं नाय आम्ही."

"रत्नमाला आमच्याकडं म्हैस होती, विहीणबाई," चतुराबाई म्हणाली. "दूध बरं द्यायची. पण लाथ लई मारायची."

"मग तुमच्या मनात काय हाय?"

"चतुरा."

सखूबाईनं मिसरीचं बोट तोंडातून काढलं. "अवं, ते तर तुमचंच नाव हाय की!"

"मग? वाईट हाय का?"

"वाईट नाय. पण नाव मागं गेलेल्या माणसाचं ठेवत्यात. तुम्ही तर बसल्या की हितं लाडू खात. कधी निघायचा इचार हाय?"

"मी निघंस्तोवर थांबलात तर पोरगी बिनानावाची म्हातारी होईल." चतुराबाईनं हातातला लाडू संपवला. "आन् चतुरा म्हंजे हुशार. रत्नमाला म्हंजे काय? गळ्यात घालायचा जिन्नस."

"आमच्याकडं चतुरा नावाची शेळी होती," सखूबाई थंडपणानं म्हणाली. "दावं तोडून पळाली, ती सरळ खाटकाच्या दारात जाऊन उभी राहिली. लई हुशार."

आता विहिणीच्या तोंडून शेळी ऐकून घेणारी बाई वेगळी. चतुराबाईनं पदर खोचला.

"पट मांडू," ती म्हणाली. "जिच्या चारी सोंगट्या आधी घरात, तिचं नाव पाळण्यात. कबूल?"

सखूबाईचे डोळे चमकले. "विहीणबाई, आधीच सांगते, आमच्या गावात मला पटावर बसू देत नाय आता. माणसं रडत्यात."

"रडू द्या. हितं टावेल भरपूर हायेत."

मोनिका आतल्या खोलीत लेकराला पाजत होती. तिला कुणी काही विचारलं नाही. पाजणाऱ्या बाईच्या डोक्याला कशाला ताप द्यायचा, अशी दोघींचीही मनापासूनची समजूत. लेकराची आई, तिचं काम लेकरू आणणं. ते तिनं केलं होतं.

चतुराबाईचा पट माहेराहून आलेला, लाल मखमलीचा, चार पायांचा, कडेला झिजून पिवळा पडलेला. तो तिनं सतरंजीवर अंथरला. सोंगट्या मांडल्या. मग कवड्यांची पिशवी उलटी केली. कवड्या पडल्या पाच.

पिशवी झटकली. पाचच.

पट हा सहा कवड्यांचा खेळ. सहाही मुठीत घोळवून टाकायच्या आणि जितक्या उताण्या पडतील, म्हणजे तोंड वर करून, तितकी घरं सोंगटी चालवायची. पालथी पडली ती वाया. पाच कवड्यांवर खेळायचं म्हणजे पाच बोटांच्या बाईनं चार बोटांनी भाकरी थापायची.

सहावी कवडी कुठं होती ते चतुराबाईला ठाऊक होतं. तिचा नवरा कडूबा खिडकीजवळच्या खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडला होता आणि सहावी कवडी त्याच्या पायजम्यात होती. नाडीचं टोक सारखं आत पळायचं म्हणून दिवाळीपासून त्यानं ती नाडीला बांधून टाकली होती.

चतुराबाई खाटेजवळ जाऊन वाकली आणि दातावर दात ठेवून म्हणाली, "कवडी द्या."

"कोणती?"

"नाडीची."

कडूबानं मान न वळवता विचारलं, "आन् मग पायजमा?"

"धरून बसा."

"विहीणबाईच्या समोर? उद्या बारसं हाय बाई, माझं तेरावं नाय."

सखूबाईनं मान उंच केली. "काय झालं? कवड्या कमी हायेत का? नसत्याल तर तसं सांगा. मी जाते परत. नाव तेवढं रत्नमाला."

"कमी कशाला असतील?" चतुराबाई ताठ झाली. "धुवून आणते. धूळ बसलीय."

ती पाचही कवड्या मुठीत घेऊन पडद्याआडच्या पॅसेजमध्ये गेली आणि तिथं उभी राहून विचार करायला लागली. गळ्यात कवड्यांची माळ होती, पण ती तुळजापूरची. देवीच्या माळेतली कवडी काढून पटावर टाकायची नसते; देवीला जुगारात ओढलं की देवी उलटी बाजू घेते. मग नजर गेली ती मोनिकाच्या काचेच्या पेटीवर.

ही पेटी चतुराबाईच्या डोळ्यांत पहिल्या दिवसापासून खुपत होती. माणसं माशांची पेटी ठेवतात, ठेवू दे. पण मोनिकाच्या पेटीत समुद्राचं पाणी. समुद्र इथून कुठल्या कुठं, म्हणून ही बया पाकिटातलं मीठ तोलून पाण्यात घालायची. ज्या गावात नळाची वाट आठवडा आठवडा बघायची, त्या गावात चांगलं गोडं पाणी घेऊन खारं करायचं! कुणी ऐकलं तर खुळ्यांच्या दवाखान्यात नेऊन बसवील. "ही जित्राबं गोड्या पाण्यात जगत नाहीत मोठीआई," मोनिका समजावायची. "आणि टाकीत हात घालू नका, बरं का." चतुराबाई म्हणायची, "मला काय पडलीय?"

पण आज पडली होती. कारण पेटीतल्या दगडाला, बरोबर डोळ्यांसमोर, एक कवडी लागलेली होती. पिवळसर, पाठीवर तुकतुकीत, हुबेहूब तिच्या कवड्यांच्या मापाची.

कवडी कुठून येते, हा प्रश्न चतुराबाईला आयुष्यात पडला नव्हता. कवडी तुळजापूरहून येते. तुळजापूरला कुठून येते ते देवी बघून घेते. दाताच्या दवाखान्यातल्या पेटीत तिनं प्लास्टिकचं जहाज पाहिलं होतं, तोंडातून बुडबुडे सोडणारा बेडूक पाहिला होता. तशीच ही शोभेची कवडी, हे तिनं एका नजरेत ओळखलं. हुशार माणसाची हीच तर खोड, त्याला विचारावं लागत नाही.

बाही सारून तिनं हात घातला. कवडी सुटेना. "गोंदानं चिकटवलीय मेलीनं," ती पुटपुटली आणि नखानं जोर दिला तशी टक् करून सुटली. पदराला पुसली. हाताला चांगली वजनदार लागली. थोडा वास येत होता, पण त्या पेटीतल्या कुठल्या वस्तूला येत नव्हता? मोनिकानं आणलीय म्हणजे महागाचीच असणार.

"धुतल्या," म्हणत चतुराबाई पटावर येऊन बसली.

पहिले काही डाव सरळ गेले. दोघी खेळणाऱ्या खऱ्याच तरबेज होत्या. सखूबाई कवड्या फुंकून टाकायची, चतुराबाई शिवी देऊन. सोंगट्या मेल्या, पुन्हा बसल्या. "ये माझ्या शिंगरा," म्हणत सखूबाईनं एक सोंगटी मारली, तर पुढच्याच हाताला चतुराबाईनं तिच्या दोन उचलून खाली ठेवल्या आणि म्हणाली, "घ्या, टावेल देऊ?"

मग सखूबाईनं टाकल्या त्या पाच उताण्या. पाच म्हणजे तिची सोंगटी चतुराबाईच्या सोंगटीच्या थेट डोक्यावर.

"पाच!" सखूबाई ओरडली आणि कोणत्या सोंगटीला आधी न्यावं याचा विचार करत तिनं मिसरीची डबी उघडली. चिमूट घेतली, दातांवर फिरवली, हात झटकला आणि पटाकडं पाहिलं. उताण्या चार.

"पाच होत्या!"

"चार हायेत. मोजा की. का सिल्लोडकडं पाचाला चार म्हणत नाय?"

"मी ह्या डोळ्यांनी पाच बघितल्या!"

"त्या डोळ्यांचं आपरेशन कोणत्या साली झालं, विहीणबाई?"

सखूबाईनं वर पंख्याकडं पाहिलं. "वाऱ्यानं कलंडली आसंल. पंखा बंद करा." पंखा बंद झाला. पुढच्या डावाला सुदर्शन चहा घेऊन आला. सखूबाईनं टाकल्या तीन उताण्या, बशीत चहा ओतला, फुंकर घातली, प्याली, आणि खाली बघते तर दोन.

"विहीणबाई! ह्या घरात काहीतरी हाय!"

चतुराबाईनं मात्र या वेळी बघितलं होतं. सगळं नाही, शेवटचंच. सहावी कवडी आपण होऊन, जशी जाड बाई झोपेत कूस बदलते तशी, हळूच पालथी झाली होती. चतुराबाईच्या अंगावर काटा आला आणि लगेच तो काटा आनंदाचा झाला. देवी! गळ्यातल्या माळेला हात न लावता देवी स्वतःहून बाजूला येऊन बसली होती. आणि कुणाच्या बाजूला बसणार? म्हशीच्या नावाच्या?

"असं बघा," तिनं आवाजात साखर घातली. "आमच्या घरचा दस्तूर जुना हाय. कवडी पडली की मोजायची नाय. कवडी निवांत झाली की मोजायची."

"हे कोणत्या गावचं?"

"आमच्या सासूबाईच्या सासूबाईपासूनचं. ह्यांच्या गळ्याची आण." तिनं खाटेकडं हात केला.

कडूबानं एक डोळा उघडला. "माझा गळा कामून घेती मधी?" आणि परत मिटला.

त्यानंतर खेळाची गंमत अशी झाली की सखूबाईनं कवड्या टाकल्या रे टाकल्या की चतुराबाईला अचानक पाहुणचार सुचायचा. "थांबा, लोड देते पाठीला." "थांबा, तुमच्या सुनेचं गुडघ्याचं कसं हाय?" "थांबा, कापसाला काय भाव लागला औंदा?" कापसाचं निघालं की सखूबाई रंगात यायची, आणि तोवर सहावी कवडी पोटावर वळून मोकळी. चतुराबाईचा स्वतःचा हात असला की मात्र कवडी जमिनीला टेकते न टेकते तोच "चार! चालले!" म्हणून सोंगटी पुढं. अशानं सखूबाईच्या सोंगट्या वाटेतच उन्हात वाळत पडल्या आणि चतुराबाईच्या तीन घरात जाऊन बसल्या. चौथी उरली. तिला हवी होती बरोबर चार घरं. एक कमी नाही, एक जास्त नाही.

सखूबाईच्याही तीन रखडत रखडत का होईना पोचल्या. तिची पण एकच सोंगटी बाहेर उरली, तिला हवी होती दोन घरं.

सुदर्शनचा फोन वाजला. "हो भाऊ, होतंच आलंय," तो दारातून म्हणाला आणि दोघींकडं बघत म्हणाला, "'च' काढून ठेवू का 'र', असं विचारतोय."

"'च' काढ म्हणावं," चतुराबाई म्हणाली, आणि कवड्यांना मनातल्या मनात एक चांगली शिवी देऊन तिनं हात उघडला.

चार उताण्या. दोन पालथ्या.

"चा..." म्हणत तिनं सोंगटीकडं हात नेला, पण मनगटावर सखूबाईचा हात पडला. कापूस वेचून घट्ट झालेला हात होता तो.

"निवांत होऊ द्या," सखूबाई म्हणाली.

"झाल्या की निवांत!"

"नाय. दस्तूर म्हंजे दस्तूर. सासूबाईच्या सासूबाईचा. मी पण जरा मिसरी लावते. तुमच्या गुडघ्याचं कसं हाय विहीणबाई?"

"माझा गुडघा ठणठणीत हाय."

"आन् कमर?"

"कमरेला काय धाड भरलीय? मोजा!"

"औंदा मकाला भाव..."

"खड्ड्यात गेली मका!"

बोलता बोलता दोघींचं तोंड चालू होतं, पण डोळे कवड्यांवर होते. चार उताण्यांतली ती एक, जास्त तुकतुकीत. चतुराबाई मनात देवीला सांगत होती, बाई, आता नको वळूस, तू माझ्या बाजूची हायेस, इसरलीस का? देवीला एवढं सोपं काम कुणी सांगितलं नसेल: काही करू नकोस.

कवडीच्या दातेरी फटीतून काहीतरी डोकावलं. ओलं होतं. जिभेसारखं. ती जीभ बाहेर आली, बाजूच्या मखमलीला चाचपायला लागली, आणि तिच्यामागून दोन बारीक शिंगं आली. शिंगांच्या मुळाशी दोन काळे ठिपके. ठिपक्यांनी आधी सखूबाईकडं पाहिलं, मग चतुराबाईकडं.

"कवडीला डोळे हायेत!" सखूबाईनं किंकाळी फोडली.

"आय्याऽऽ!" चतुराबाई बसल्या जागेवरून उडाली ती खाटेवर, कडूबाच्या पायांवर. कडूबा उठला, पायजमा धरला, आणि म्हणाला, "भूकंप हाय का?" आतल्या खोलीत लेकरानं भोकाड पसरलं. सुदर्शन धावत आला. आणि एवढ्या गोंधळात ती कवडी कुणाची पर्वा न करता जिभेनं जोर लावून, हलत, डुलत, पोटावर वळली, आणि लाल मखमलीवरून चतुराबाईच्या सोंगटीच्या दिशेनं चालायला लागली.

उताण्या उरल्या तीन.

मोनिका लेकराला खांद्यावर घेऊन बाहेर आली, पटाकडं बघितलं आणि तिचा चेहराच उतरला. "माझी कवडी! हिला बाहेर कुणी काढलं?"

चतुराबाईची बाही अजून ओली होती.

"मोठीआई!"

"मला काय ठाऊक ती जितीय? मला वाटलं शोभेची. गोंद लावून बसवलीय."

मोनिकानं लेकरू सखूबाईच्या मांडीत दिलं, कवडी दोन बोटांत अलगद उचलली आणि पॅसेजमध्ये धावली. कडूबा सोडून सगळे मागून. पाण्यात सोडली तशी कवडी तळाशी जाऊन पडली आणि पडूनच राहिली. काचेला पाच जणांची नाकं लागली, लेकराचं धरून.

"मेली का?" चतुराबाईनं विचारलं. आवाज बारीक झाला होता. बारशाच्या आदल्या दिवशी घरात हत्या, आणि ती पण कुणाची, तर कवडीची. उद्या कोणत्या तोंडानं देवीपुढं दिवा लावायचा?

"हिच्या जातीला थोडा वेळ कोरडं सोसतं. भरती-ओहोटीच्या दगडांवर राहते ना," मोनिका म्हणाली. "पण कुणी तिला फुंकून आपटत नाही तिथं."

"फुंकल्या त्या हिनं," चतुराबाई म्हणाली.

"आपटल्या तुम्ही," सखूबाई म्हणाली.

कवडी हलली. आधी जीभ, मग शिंगं. मग दोन्ही बाजूंनी एक करडी-काळी झालर वर आली आणि बघता बघता तिनं कवडीची अख्खी पाठ झाकून टाकली, जशी बाई डोक्यावरून पदर घेते.

"हे काय करती?"

"हेच तर तिचं घर बांधणं आहे. पदर असा बाहेर काढून पाठीवर नवा थर चढवत राहते. म्हणून ती अशी चकाकते. गोगलगायीची चुलत बहीण समजा."

चतुराबाईचा हात आपोआप गळ्याशी गेला. "म्हंजे ह्या माळेतल्या..."

"सगळ्या आधी अशाच होत्या. आत कुणीतरी राहत होतं."

चतुराबाई माळेवरून बोटं फिरवत राहिली. एक, दुसरी, तिसरी. इतकी वर्षं गळ्यात हार घातलाय असं समजत होती, आणि निघाली ती अख्खी आळी. मग तिला शोभेल असं ती म्हणाली, "मला ठाऊक होतं. तुला ठाऊक हाय का ते बघत होते."

कवडी वाचली म्हटल्यावर दोघींना परत तोंड फुटलं. खेळ कुणाचा?

"चार पडल्या होत्या," चतुराबाई म्हणाली. "माझी सोंगटी घरात."

"निवांत झाल्यावर तीन! दस्तूर कुणाचा होता?"

"ती कवडी नव्हती, ते जनावर होतं! जनावराला दस्तूर लागत नाय!"

"मग माझे सगळे हात परत द्या! माझे पाचाचे चार केले त्या जनावरानं, तिनाचे दोन केले! माझ्या सोंगट्या कवाच घरात जाऊन जेवून झोपल्या असत्या!"

"अहो, पण शेवटी जिंकलं कोण?" सुदर्शननं फोन पुढं करत विचारलं. फोन वाजत होता.

"ह्या घरात काय माणसं खेळत्यात का?" सखूबाई तावातावानं म्हणाली. "सगळा खेळ त्या कवडीनं खेळला! तिलाच इचारा, नाव काय ठेवायचं!"

"विचारा की," मोनिका म्हणाली.

ती पेटीजवळच उभी होती, हात अजून खाऱ्या पाण्यानं ओले. आवाज चढवला नव्हता. पण या दोन म्हाताऱ्यांसमोर कुणी आवाज न चढवता बोललं की ते फार मोठं ऐकू येतं.

"कवडी खेळली ना? कवडी माझी आहे. मग तिची चाल ती माझी चाल. विचारा मला."

चतुराबाई तिच्याकडं बघत राहिली. या पोरीनं नऊ महिने ओकाऱ्या काढल्या, डॉक्टरनं पोट फाडलं, रात्ररात्र लेकरू खांद्यावर घेऊन फिरली, आणि आपण तिला भाजीत मीठ किती ते विचारलं, पण हे विचारलं नाही. हा विचार चतुराबाईला मुळीच आवडला नाही. म्हणून तिनं चटकन दुसरा केला: मोनिकानं काहीही ठेवलं तरी ते रत्नमाला तर नसणार. त्याच वेळी सखूबाईच्या चेहऱ्यावरून हेच वारं गेलेलं तिनं पाहिलं. मोनिकानं काहीही ठेवलं तरी ते चतुरा नसणार. दोघी विहिणींचं त्या दिवसभरात एवढ्या एका गोष्टीवर एकमत झालं.

"बरं," चतुराबाई म्हणाली. "सांग बाई. काय ठेवायचंय तुला?"

मोनिकानं पटकन सांगितलं नाही. आधी लेकराकडं बघितलं, मग नवऱ्याकडं. हे नाव तिनं इतके दिवस तोंडात धरून ठेवलं होतं की बाहेर काढताना जपून काढावं लागलं.

"सायली."

"सायली?" चतुराबाई म्हणाली. "वेलीचं नाव? शेळी खाईल."

"आमची चतुरा तर आधी खाईल," सखूबाई म्हणाली.

"नाव एक वेळ बरं हाय," चतुराबाई म्हणाली, "पण नाव तोंडात बरं लागून भागत नाय. वावरातून हाक मारली तर बांधापल्याड पोचलं पाहिजे. 'चतुरे' म्हणलं की दोन शेतं पल्याड जातं. हे 'सायली' पोचंल का?"

"बघावं लागंल," सखूबाई म्हणाली.

सुदर्शन फोनवर म्हणाला, "भाऊ, फक्त दोन मिनिटं. आवाज तपासायलेत."

दोघी जिना चढून गच्चीवर गेल्या, एकमेकींच्या दंडाला धरून, कारण कमरेचं आणि गुडघ्याचं खरं तर दोघींचंही बरं नव्हतं. मोनिका लेकरू घेऊन मागून आली. खाली गल्लीत एक रिक्षा उभी होती, समोरच्या इमारतींच्या गच्च्यांवर कुरडया आणि गोधड्या वाळत होत्या. वावर नव्हतं, पण दुसरा इलाज पण नव्हता.

चतुराबाईनं कठड्याला पोट टेकवलं, छाती भरून घेतली आणि हाक मारली, "ए सायलेऽऽऽ!"

कबुतरं उडाली. रिक्षावाल्यानं वर बघितलं.

"बरं जातंय," सखूबाई म्हणाली. "आता मी." आणि मका राखणाऱ्या बाईचा आवाज काढला, "सायलेऽऽऽ गंऽऽऽ!"

दोन इमारती पल्याडच्या एका गच्चीवर वाळत घातलेली चादर बाजूला झाली. न्हालेल्या केसांना पंचा गुंडाळलेली एक पोरगी डोकावली.

"काय ओऽऽ आजीऽऽ?"

दोघींनी एकमेकींकडं बघितलं. पोचलं होतं. नुसतं पोचलं नव्हतं, उत्तर घेऊन परत आलं होतं.

"काय नाय गं माय!" चतुराबाई आनंदानं ओरडली. "नाव ठेवायलोत!"

"मला?" त्या पोरीनं कमरेवर हात ठेवले. "मी काय केलंय ओ तुमचं?"

सखूबाई कठडा धरून खालीच बसली, हसून हसून तिला उठवेना. मोनिकाच्या खांद्यावरचं लेकरू दचकलं आणि आवाजाच्या दिशेनं मान वळवायला लागलं. चतुराबाईनं जिन्यातून खाली तोंड केलं आणि सुदर्शनला सांगितलं, "त्या माणसाला म्हणावं 'स' काप. आन् जरा मोठा काप, ह्या नावाच्या पोरीला उलटून बोलता येतंय!"